नलिकापोषण आणि आहारातील चोथा

खोवलेल्या नारळाचे दूध पिळून घेतल्यावर फडक्यात जे उरते त्याला मराठीत 'चोथा' म्हणतात. सत्त्व निघून गेल्यावर राहिलेला, टाकून देण्याजोगा भाग, असा या शब्दाचा भाव आहे. आहारशास्त्रानेही दीर्घकाळ हाच भाव प्रमाण मानला. धान्याचा कोंडा, फळांच्या साली, भाज्यांचे दोरे, वनस्पतींचे डिंक ही सर्व द्रव्ये मानवी पाचकरसांना दाद देत नाहीत. म्हणून त्यांचे पोषणमूल्य शून्य, असा हिशेब होता. हा हिशेब कोठे चुकला याचा उलगडा अनेक दिशांनी झाला. त्यांपैकी एक दिशा रुग्णालयातील खाटेजवळची आहे. तोंडाने अन्न घेऊ न शकणाऱ्या आणि नलिकेवाटे पोसल्या जाणाऱ्या रुग्णाच्या आहारातून चोथा पूर्णपणे वगळणे शक्य झाले आणि त्यामुळे चोथ्याचे कार्य काय, हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. त्या प्रश्नाचा आणि त्यावर आज मिळणाऱ्या उत्तराचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

चोथारहित आहाराचा उगम

नलिकेने अन्न देण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन हंटर याने १७९० साली गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रुग्णाला देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्टीवर ईल माशाची कातडी चढवून केलेल्या नळीतून अन्न दिले. फेटलेली अंडी, पाणी, साखर, दूध असे पातळ पदार्थच त्या मार्गाने जाऊ शकत होते. यानंतर नळीचे द्रव्य बदलत गेले. रबर आले, पुढे प्लास्टिक, पॉलियुरेथेन व सिलिकोन आले. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न उघडता, अंतर्दर्शीच्या साहाय्याने जठरात नळी बसविण्याची पद्धती सिद्ध केली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली आणि त्यामुळे महिनोन्महिने, किंबहुना वर्षानुवर्षे, नलिकापोषण चालू ठेवणे सुलभ झाले. परंतु हंटरच्या वेळची एक अट आजही कायम आहे. नळीतून जे वाहू शकेल तेवढेच रुग्णाच्या वाट्यास येते.

दुसरीकडे, रसायनशास्त्राच्या प्रगतीमुळे शुद्ध ॲमिनो आम्ले, शर्करा, क्षार व जीवनसत्त्वे यांपासून संपूर्ण आहार बनविणे शक्य झाले. अंतराळवीरांसाठी असा आहार उपयोगी पडेल काय, याची परीक्षा विनिट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी स्वयंसेवकांवर केली व ती १९६५ साली प्रसिद्ध केली. अंतराळयानात मलाचे प्रमाण जितके कमी तितके सोयीचे. रासायनिक आहाराने ते अत्यल्प होते, हा त्याचा मोठा गुण मानला गेला. पुढे याच धर्तीचे 'अल्पमल' आहार रुग्णालयांतही प्रचारात आले. त्यांची रचना निश्चित होती, ते पातळ होते आणि बारीक नळीतून सहज वाहत होते. मात्र धडधाकट अंतराळवीराच्या काही दिवसांच्या प्रवासात जी सोय ठरते, ती खिळलेल्या रुग्णाच्या काही महिन्यांच्या आहारात सोयच ठरेल असे नाही. मलावरोध व अतिसार या दोन परस्परविरोधी तक्रारी नलिकापोषणावरील रुग्णांत वारंवार आढळू लागल्या, आणि दोहोंचा दोष आहारातील चोथ्याच्या अभावाकडे जातो की काय, अशी शंका उत्पन्न झाली.

एक नाव, अनेक द्रव्ये

या शंकेचा विचार करण्यापूर्वी 'चोथा' या संज्ञेची व्याप्ती निश्चित केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील वेंडे येथील प्रयोगशाळेत पशुखाद्याच्या पृथक्करणासाठी एक पद्धती बसविण्यात आली. नमुना प्रथम सौम्य आम्लात व नंतर सौम्य अल्कलीत उकळावा आणि जे विरघळत नाही त्याला 'कच्चा तंतू' म्हणावे, अशी ती रीत होती. या रीतीत पेक्टिन, डिंक व हेमिसेल्युलोजचा बराचसा भाग विरघळून निघून जाई. म्हणजे चोथ्यापैकी जो भाग पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरावयाचा होता, तो मापनाच्या पहिल्या पायरीवरच नाहीसा होत होता. १९२९ साली मॅक्कॅन्स व लॉरेन्स यांनी कर्बोदकांचे 'उपलब्ध' आणि 'अनुपलब्ध' असे दोन वर्ग पाडले. १९५३ साली हिप्सली यांनी 'आहारातील तंतू' ही संज्ञा योजिली. १९७२ साली बर्किट, वॉकर आणि पेंटर यांनी आफ्रिकेतील ग्रामीण लोक व पाश्चात्त्य समाज यांच्या मलाचे वजन आणि अन्नाचा आतड्यातील प्रवासकाळ यांची तुलना प्रसिद्ध केली. तेव्हापासून या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष गंभीरपणे वेधले गेले.

आज चोथ्याचा विचार तीन गुणांच्या आधारे केला जातो. पाण्यात विरघळतो की नाही, विरघळल्यावर द्रावण किती दाट होते, आणि बृहदांत्रातील सूक्ष्मजंतू त्याचे किती किण्वन करतात, हे ते तीन गुण होत. गव्हाच्या कोंड्यातील सेल्युलोज विरघळत नाही व त्याचे किण्वनही थोडेच होते. त्याचे कार्य मुख्यतः मलाचा आकार वाढविण्याचे. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून दाट बुळबुळीत लगदा बनवितो, पण त्याचे किण्वन कमी होते. पेक्टिन व गवारीच्या बियांतील डिंक हे विरघळतात, दाटही होतात आणि त्यांचे किण्वन जवळजवळ पूर्णपणे होते. इन्युलिन व फ्रक्टोजच्या लहान साखळ्या विरघळतात, किण्वित होतात, पण दाट होत नाहीत. या सर्वांना एकच नाव देऊन 'चोथा हितकर की अहितकर' असे विचारणे हे 'औषध हितकर की अहितकर' असे विचारण्यासारखे आहे.

बृहदांत्राचे अन्न

पचनाची पाठ्यपुस्तकी कल्पना अशी की, लघ्वांत्रात पोषकद्रव्यांचे शोषण पुरे होते आणि बृहदांत्र केवळ पाणी व क्षार परत मिळविते. ही कल्पना अपुरी आहे. न पचलेली कर्बोदके उंडुकात पोहोचली म्हणजे तेथील सूक्ष्मजंतू त्यांचे किण्वन करून असेटिक, प्रोपियॉनिक व ब्यूटिरिक ही लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. सोबत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही व्यक्तींत मिथेन हे वायूही निर्माण होतात. या आम्लांचा बहुतांश भाग शोषला जातो. म्हणूनच ज्याला पोषणमूल्य शून्य मानले गेले त्या किण्वनशील चोथ्यापासून दर ग्रॅममागे सुमारे २ कॅलरी ऊर्जा मिळते, असा हिशेब आज धरला जातो.

ऊर्जेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. रोडिगर यांनी १९८० साली दाखवून दिले की, बृहदांत्राच्या अंतस्त्वचेतील पेशी आपल्या इंधनासाठी रक्तातील ग्लुकोजपेक्षा आतड्याच्या पोकळीतील ब्यूटिरिक आम्लावर अधिक अवलंबून असतात. शरीरातील इतर अवयवांचे पोषण रक्तावाटे होते. या अंतस्त्वचेचे पोषण मात्र बऱ्याच अंशी पोकळीच्या बाजूने होते. चोथारहित आहारावर असलेल्या रुग्णाचे बाकीचे शरीर पोसले जात असताना त्याचे बृहदांत्र एका अर्थाने अर्धपोटी राहते.

या आम्लांचे तिसरे कार्य नलिकापोषणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यांच्या शोषणाबरोबर सोडियम आणि पाणी यांचेही शोषण होते. १९९३ साली बोलिंग, सिल्क आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी स्वयंसेवकांवर एक उद्बोधक प्रयोग केला. जठरात नळीवाटे आहार सोडला असता चढत्या बृहदांत्रात पाण्याचे शोषण होण्याऐवजी उलट पाणी स्रवू लागते, असे त्यांना आढळले. त्याच वेळी उंडुकात लघुशृंखल मेदाम्ले सोडली असता हा स्राव थांबून पुन्हा शोषण सुरू झाले. नलिकापोषणातील अतिसाराला एक शरीरक्रियात्मक कारण असू शकते आणि किण्वनशील चोथा त्यावर उतारा ठरू शकतो, या विचाराला या प्रयोगाने भक्कम आधार मिळाला. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रयोगात आम्ले सिद्ध स्वरूपात दिली गेली होती. चोथ्यापासून ती बनविण्यास सूक्ष्मजंतू हवेत, आणि प्रतिजैविकांच्या दीर्घ उपचारांखाली असलेल्या रुग्णात तेच क्षीण झालेले असतात.

नळीची मर्यादा

शरीरक्रियाशास्त्राने दिलेली अनुज्ञा भौतिकशास्त्र मान्य करीलच असे नाही. पोषणनलिकांची जाडी फ्रेंच मापाने सांगतात. एक फ्रेंच म्हणजे बाह्य व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर. नाकातून घालावयाच्या बारीक नळ्या साधारणपणे ८ ते १२ फ्रेंच मापाच्या असतात. त्यांचा बाह्य व्यासच सुमारे २.७ ते ४ मिलिमीटर, आणि आतील पोकळी त्याहूनही अरुंद. प्वासेच्या नियमाप्रमाणे नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात व श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर, दाब तोच असता, प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. डिंकांची द्रावणे हा नियम तंतोतंत पाळीत नाहीत, कारण त्यांची श्यानता प्रवाहाच्या वेगानुसार बदलते. तथापि दाट द्रव आणि बारीक नळी यांचे वैर किती तीव्र आहे याची कल्पना यावरून येते.

यामुळे निवडीवर मोठे बंधन पडते. इसबगोल घरोघरी परिचित व मलावरोधावर गुणकारी आहे. पण नळीत त्याचा लगदा फुगून बसतो आणि नळी बदलण्याचा प्रसंग येतो. पक्षाघातानंतर घरी आणलेल्या रुग्णाचे आप्त सद्भावनेने आहारात चमचाभर इसबगोल मिसळतात, तेव्हा हाच अनर्थ ओढवतो. कोंड्याचे कण तळाशी बसतात. सोयाबीनमधील बहुशर्करा द्रावणाला फारसा दाटपणा आणीत नाहीत, म्हणून तयार नलिकाहारांत त्यांचा उपयोग पुष्कळ झाला. पण त्यांचा विद्राव्य भाग थोडा आहे.

या अडचणीतून निघालेला एक मार्ग भारतीय वाचकास विशेष रस वाटेल असा आहे. गवार ही आपल्याकडे शेंगभाजी म्हणून परिचित. राजस्थान व लगतच्या कोरड्या प्रदेशांत तिचे पीक बियांतील डिंकासाठी मोठ्या प्रमाणावर घेतले जाते आणि गवारीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. हा डिंक मूळ स्वरूपात इतका दाट होतो की अन्नउद्योगात त्याचा उपयोग दाटपणा आणण्यासाठीच केला जातो. साहजिकच नळीला तो निरुपयोगी. परंतु योग्य विकराच्या साहाय्याने त्याची लांब साखळी ठिकठिकाणी तोडली असता द्रावण जवळजवळ पाण्यासारखे वाहू लागते, आणि किण्वनशीलता मात्र टिकून राहते. अंशतः विघटित केलेला हा गवारडिंक नलिकापोषणात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या तंतुद्रव्यांपैकी एक आहे. स्पापेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या, रुग्ण व चिकित्सक या दोघांसही गट अज्ञात ठेवून केलेल्या चाचणीत, जंतुदोषाने गंभीर आजारी असलेल्या रुग्णांत त्यामुळे अतिसाराचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. चाचणी लहान होती हेही ध्यानात ठेवावयास हवे.

अतिसाराचा दोष कोणाचा?

नलिकापोषणावरील रुग्णास अतिसार झाला की पहिला संशय आहारावर जातो आणि आहार थांबविला जातो. दुर्बल रुग्णाच्या बाबतीत ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. १९९० साली एडीस व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांतील अतिसाराची कारणे पद्धतशीरपणे शोधली. ज्यांत कारण निश्चित करता आले त्यांपैकी ६१ टक्के प्रसंगी ते औषधांत सापडले, १७ टक्के प्रसंगी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या संसर्गात, आणि केवळ २१ टक्के प्रसंगी प्रत्यक्ष आहारात. औषधांपैकी मुख्य अपराधी होते ते सॉर्बिटॉल, म्हणजे पातळ औषधांना गोडी आणण्यासाठी मिसळलेली शर्करासदृश वस्तू. ती लघ्वांत्रात नीट शोषली जात नाही व पाणी ओढून घेते. नळीवाटे गोळ्या देता येत नाहीत म्हणून पातळ औषधे योजावीत आणि त्यांच्या गोडव्यानेच अतिसार व्हावा, असा हा विचित्र योग आहे. मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशके आणि प्रतिजैविके यांचीही या यादीत गणना केली पाहिजे.

याचा अर्थ असा की, चोथा हा निदानाला पर्याय नव्हे. औषधांची यादी तपासल्याशिवाय व संसर्गाची शक्यता निकालात काढल्याशिवाय आहारात तंतुद्रव्य वाढविणे म्हणजे कारण तसेच ठेवून लक्षण झाकणे होय. आहाराची स्वच्छता हाही याच तपासाचा भाग आहे. आपल्याकडील अनेक रुग्णालयांत व घरांत दूध, साखर, तांदळाची पेज, वरणाचे पाणी, अंडे यांपासून केलेला आहार नळीवाटे दिला जातो. असा आहार बाहेरच्या उष्णतेत ठेवला असता त्यात जंतू झपाट्याने वाढतात. चार तासांहून अधिक काळ तो टांगून ठेवू नये, असा दंडक आहे. नळी तुंबू नये म्हणून हा आहार बारीक फडक्यातून गाळतात. त्या गाळण्यात अविद्राव्य चोथा मागे राहतो आणि जो 'घरचा, नैसर्गिक' आहार म्हणून दिला जातो तोही बराचसा चोथारहितच ठरतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

पुरावा काय सांगतो?

इलिया आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली या विषयावरील ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. चोथायुक्त नलिकाहाराने अतिसाराचा संभव घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी काढलेले शक्यतांचे गुणोत्तर ०.६८ आले. याहून अधिक लक्षणीय दुसरा निष्कर्ष होता. ज्यांची मलप्रवृत्ती मुळात कमी होती त्यांच्यात चोथ्याने ती वाढली. ज्यांची अधिक होती त्यांच्यात ती घटली. मलावरोध व अतिसार या दोन विरुद्ध तक्रारींवर एकच उपाय कसा लागू पडेल, या शंकेला येथे उत्तर मिळते. चोथा आतड्याला एका दिशेने ढकलीत नाही; तो बृहदांत्राला त्याचे स्वाभाविक कार्य करण्यास साधन पुरवितो.

धोक्याची बाजू

परंतु हे साधन पेलण्याइतकी शक्ती आतड्यात असली पाहिजे. ज्या रुग्णाचा रक्तदाब औषधांच्या बळावर टिकवून धरलेला आहे, त्याच्या आतड्याचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो. अशा आतड्याची हालचाल मंदावते. अविद्राव्य तंतू तेथे साचून त्यांचा घट्ट गोळा बनू शकतो व मार्ग अडतो. भाजलेल्या रुग्णांत चोथायुक्त नलिकाहारामुळे आंत्रावरोध झाल्याची उदाहरणे १९९९ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहेत. आतड्याला छिद्र पडणे किंवा त्याचा भाग मृत होणे हा अशा अवरोधाचा शेवट असू शकतो. म्हणून अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यक व पोषण या क्षेत्रांतील संस्थांनी २०१६ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात असे सुचविले की, आंत्राच्या रक्तपुरवठ्याला धोका असलेल्या किंवा आतड्याची हालचाल अत्यंत मंदावलेल्या रुग्णास विद्राव्य व अविद्राव्य असे दोन्ही प्रकारचे तंतू टाळावेत. गंभीर आजारी प्रौढास केवळ प्रतिबंध म्हणून मिश्र तंतूंचा आहार सरसकट देऊ नये. आणि ज्याचे रक्ताभिसरण स्थिर आहे व ज्यास अतिसार आहे, त्यास किण्वनशील विद्राव्य तंतुद्रव्य २४ तासांत विभागून १० ते २० ग्रॅम देण्याचा विचार करावा.

याच्या उलट टोकास दीर्घकाळ घरी नलिकापोषणावर असलेला, प्रकृती स्थिर असलेला रुग्ण आहे. पक्षाघात, मेंदूची इजा किंवा घशाचा कर्करोग यांमुळे त्याचे गिळणे बंद असते, पण आतडे सशक्त असते. अशा रुग्णास चोथ्यापासून वंचित ठेवण्यास कोणतेही सबळ कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज निदान २५ ग्रॅम नैसर्गिक चोथा सुचविला आहे. दर लिटरमागे १५ ग्रॅम चोथा असलेला तयार आहार दिवसाला दीड लिटर दिला तर २२.५ ग्रॅम मिळतो, म्हणजे हे प्रमाण नळीवाटेही आवाक्यात आहे. मात्र ते एकाएकी गाठू नये. किण्वनाने वायू होतात. सूक्ष्मजंतूंना नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास अवधी लागतो. म्हणून काही दिवसांत क्रमाक्रमाने प्रमाण वाढविणे इष्ट. पाण्याचा हिशेबही वेगळा करावा लागतो. दर मिलिलिटरला १ कॅलरी देणाऱ्या आहारात सुमारे ८० ते ८५ टक्के पाणी असते, तर २ कॅलरी देणाऱ्या दाट आहारात ते ७० टक्क्यांच्या आसपास उतरते. तहान लागली हे ज्याला सांगता येत नाही अशा रुग्णास चोथा वाढवून पाणी न वाढविल्यास मलावरोध हटण्याऐवजी बळावतो. अखंड पोषण चालू असताना दर चार तासांनी सुमारे ३० मिलिलिटर पाणी सोडून नळी धुण्याचा जो नियम आहे, त्याने नळी मोकळी राहते. रुग्णाची पाण्याची गरज तेवढ्याने भागत नाही.

सारांश, नलिकापोषणात चोथा द्यावा की देऊ नये, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण प्रश्नच अपुरा मांडलेला आहे. कोणते तंतुद्रव्य, कोणत्या मापाच्या नळीतून, किती पाण्यासह, आणि मुख्य म्हणजे कोणत्या अवस्थेतील आतड्यास, हे चार प्रश्न एकत्र विचारले तरच उत्तर संभवते. रक्तदाब ढासळलेल्या रुग्णास जो चोथा घातक, तोच काही आठवड्यांनंतर त्याच रुग्णास आवश्यक ठरू शकतो. यासाठी आहारपत्रक हे एकदा लिहून खाटेला अडकवून ठेवण्याचा कागद न मानता, रुग्णाच्या स्थितीबरोबर पुन्हा पुन्हा तपासण्याची बाब मानली पाहिजे. आहारतज्ज्ञ, चिकित्सक आणि परिचारिका या तिघांनी मलाची नोंद, औषधांची यादी व पाण्याचा ताळेबंद एकत्र ठेवून वाचला, तर नलिकापोषणातील पुष्कळशा तक्रारींचे मूळ त्या तीन कागदांतच सापडेल.